अनिश्चित वेळा, ठरलेला क्रम: गजबजलेल्या शहरात तीन सवयी बसवताना

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसांकडे वारंवार दिसणारी परिस्थिती एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलं आहे. घरातल्या वेळा आणि मोजमापं त्या रचनेतली आहेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

परिस्थिती

प्रकरणातली व्यक्ती ३४ वर्षांची, हिशेब विभागात नोकरीला. पुढे तिचा उल्लेख ‘त्या’ असा करू. दोन खोल्यांचं घर, सोबत एक रूममेट. झोपायच्या खोलीची खिडकी चौकावर उघडते आणि तिथली वर्दळ मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. ऑफिसला जायचं तर आधी पायी, मग ट्रेन, मग पुन्हा पायी. सगळं जुळून आलं तर ६५ मिनिटं, अडकलं तर ११५. ऑफिस सुटायची वेळ कागदावर ६, प्रत्यक्षात ६ ते साडेसात. घरी बाहेरच्या खोलीत रूममेटचा टीव्ही रात्री उशिरापर्यंत चालू. फोनवर ऑफिसचे तीन ग्रुप, घरच्यांचे दोन, आणि बाकी सगळी ॲप्स आपापल्या परीनं हाका मारणारी.

त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: वेळेवर झोप, नियमित व्यायाम, आणि आठ महिन्यांवर आलेल्या व्यावसायिक परीक्षेचा अभ्यास. मागण्या अवाजवी नव्हत्या. तरीही वर्षभरात तीनदा सुरुवात झाली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्याच्या आत सगळं बंद पडलं. त्यांनी स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष होता, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’ असा निष्कर्ष काढणारी माणसं फार भेटतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो चुकीचा असतो. या प्रकरणातही तो चुकीचा होता, कारण ज्या बाईंना महिनाअखेरचे हिशेब सलग चार वर्षं वेळेत बंद करता येतात त्यांच्या चिकाटीवर शंका घेण्याचं काही कारण नाही.

आधीचा आराखडा कुठे मोडला

आधीचा आराखडा असा होता: पहाटे ५.३० ला उठायचं, ५.४५ ते ६.३० व्यायाम, मग ध्यान, मग वाचन. रात्री ८ ते ९ अभ्यास. ११ ला झोप. भिंतीवर सहा रकान्यांचा तक्ता आणि रोज सहा खुणा.

त्यात चार दोष होते, आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. उठण्याची वेळ बदलली, पण झोपण्याची बदलली नाही. प्रत्यक्षात डोळा लागत होता तो १२.४० च्या सुमारास, म्हणजे ५.३० चा गजर पाच तासांपेक्षा कमी झोपेवर वाजत होता. प्रौढांना किमान ७ तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या दोन प्रमुख संघटनांची २०१५ ची संयुक्त शिफारस आहे. तेव्हा सुरुवात दिवसाच्या चुकीच्या टोकाकडून झाली होती. दुसरा दोष म्हणजे एकदम सहा सवयी. तिसरा, एक खूण चुकली की दिवसच वाया गेला असं वाटायला लावणारा तक्ता.

चौथा दोष सगळ्यांत खोल होता आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक सवय घड्याळाला बांधलेली होती. रात्री ८ ला अभ्यास. पण आठवड्यातले तीन दिवस त्या ८ ला घरी नव्हत्याच. ट्रेनमध्ये उभ्या असताना ८ वाजतात, फोन अभ्यासाची आठवण करून देतो, करता तर काही येत नाही. असं आठ-दहा वेळा झालं की ती आठवण न ऐकण्याचीच सवय लागते. शहरात घड्याळ आपल्या हातात नसतं. ट्रेन उशिरा येते, बैठक लांबते, लिफ्ट बंद असते, पाऊस कोसळतो. ठरावीक वेळेला बांधलेली सवय म्हणजे या सगळ्यांच्या मर्जीवर सोडलेली सवय.

पण अशा विस्कळीत दिवसातही एक गोष्ट फारशी हलत नाही, ती म्हणजे क्रम. घरी पोचायला ७ वाजोत की साडेनऊ, कुलूप उघडणं, किल्ली ठेवणं, बॅग टाकणं, हात-तोंड धुणं हे एकापाठोपाठ त्याच ओळीनं होतं. दात घासल्यावर माणूस अंथरुणाकडेच वळतो. पुढचा सगळा आराखडा या निरीक्षणावर उभा राहिला.

नोंदीचा आठवडा

पहिल्या सात दिवसांत काहीही बदलायचं नाही, असं ठरलं. हे अनेकांना जड जातं, कारण उत्साह ताजा असतो. पण हा आठवडा वगळला की पुढचे तीन महिने अंदाजानं चालतात.

नोंद तळहाताएवढ्या कागदी कार्डावर. फोनवर नाही, कारण नोंद करायला फोन उघडला की तो दहा मिनिटं हातातून सुटत नाही. दिवसाला एक कार्ड, त्यावर फक्त तीन वेळा: घराचं दार उघडल्याची, अंथरुणावर पाठ टेकल्याची, सकाळी पाय जमिनीवर टेकवल्याची. बाकी ओळी क्रमाच्या. दर एखाद-दीड तासानं, किंवा जागा बदलली की, एक ओळ लिहायची: आता काय केलं, त्याच्या लगेच आधी काय केलं, कुठे, आणि फोन हातात होता का. वाक्यं नकोत, ‘किल्ली–बॅग सोफ्यावर–बसले–फोन’ एवढं पुरतं.

ही पद्धत नवी नाही. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडून दर तासाला अशाच नोंदी घेतल्या होत्या. त्यातून दिसलं की रोजच्या वागण्यातला सुमारे ४३ टक्के भाग जवळपास रोज, बहुधा त्याच जागी, आणि मन दुसरीकडे असताना घडतो. या प्रकरणातल्या व्यक्तीला आपलं आयुष्य नुसता गोंधळ वाटत होतं. कार्डं शेजारी शेजारी मांडल्यावर वेगळंच दिसलं. दार उघडण्याची वेळ ७.१० ते ९.२५ अशी सव्वादोन तास सरकत होती. पण त्यानंतरचे पाच टप्पे सातपैकी सहा दिवस सारखे होते. किल्ली टीव्हीच्या कपाटावर, बॅग सोफ्याच्या हातावर, सोफ्यावर बसणं, ‘दोन मिनिटं’ फोन, आणि मग पन्नासएक मिनिटांनी उठणं. हीही सवयच, पक्की मुरलेली. सवय बसण्याची क्षमता शाबूत होती. ती कुठे जाऊन बसली, एवढाच प्रश्न होता.

कार्डांवरून असे चार सांधे निवडले, जिथे एक गोष्ट संपते आणि दुसरी अजून सुरू झालेली नसते: दात घासून झाल्यावर, घरी किल्ली ठेवल्यावर, ऑफिसचा कॉम्प्युटर बंद केल्यावर, आणि ट्रेनमध्ये चढून हात स्थिर झाल्यावर. चांगल्या सांध्याची परीक्षा तीन प्रश्नांनी करता येते. तो रोज येतो का? येतो तेव्हा जागा तीच असते का? आणि त्या क्षणी दोन्ही हात व दोन मिनिटं मोकळी असतात का? ‘जेवण झाल्यावर’ हा लोकांचा आवडता सांधा इथे तिसऱ्या प्रश्नावर बाद झाला, कारण जेवण टीव्हीसमोर व्हायचं आणि ते नेमकं कधी संपलं हेच ठरत नव्हतं.

आधी झोप, कारण बाकी दोन्ही तिच्यावर उभ्या आहेत

तिन्ही सवयी एकदम नाहीत. पहिली तीन आठवडे एकटी, मग दुसरी, आणखी तीन आठवड्यांनी तिसरी. अशा क्रमानं आठ महिन्यांतले सहा-सात आठवडे ‘वाया’ जातात, ही तक्रार त्यांनीही केली. एकदम सुरू करून तीनदा गमावलेलं वर्ष त्यापेक्षा महाग होतं.

झोपेची सवय अशी मांडली: ‘दात घासून ब्रश ठेवला की फोन बाहेरच्या खोलीतल्या फळीवर चार्जिंगला लावायचा.’ कृती एवढीच. ‘११ ला झोपायचं’ असं नाही, कारण झोप ही हुकमावर होणारी कृती नव्हे. फोन ठेवणं आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘अमुक झालं की तमुक करीन’ या रचनेचा हा उपयोग. गोलविट्झर आणि पास्काल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा या रचनेचा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रमाणात अधिक आढळला. वाक्यात प्रसंग जितका नेमका, तितकी ती कामाला येते. ‘रात्री फोन बाजूला ठेवीन’ यात प्रसंगच नाही.

तयारीला लागलेल्या वस्तू: एक गजराचं घड्याळ, फळीजवळच्या प्लगला कायमचा लावलेला स्वतंत्र चार्जर, फोमचे इअरप्लग. अंथरुणापासून फळी सात-आठ पावलं दूर, मधे दार. हे अंतर महत्त्वाचं. उशाजवळच्या टेबलावर फोन उलटा ठेवण्याचा उपाय पहिल्या दोन रात्री करून पाहिला होता. झोप येत नसली की हात आपोआप तिकडे जातो.

पहिल्या आठवड्यात काय बिघडलं, हे तपशिलानं सांगण्यासारखं आहे, कारण जवळपास प्रत्येक घरात हेच बिघडतं. तिसऱ्या रात्री रूममेटनं तो चार्जर आपल्या फोनला लावला. जागा रिकामी नाही म्हणून फोन पुन्हा खोलीत आला. उपाय: चार्जरवर चिकटपट्टीची खूण आणि रूममेटशी सरळ बोलणं. चौथ्या रात्री घड्याळाच्या टिकटिकीनं झोप लागेना. काट्याचं बदलून आकड्यांचं आणलं, आणि त्याचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं. पाचव्या रात्री खरी भीती पुढे आली: ‘घरून तातडीचा फोन आला तर?’ ही भीती रास्त आहे. तिला उत्तर दिल्याशिवाय फोन फळीवर टिकत नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून घरच्या दोन नंबरांना सूट दिली आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलना वाजू देण्याचा पर्याय सुरू केला. त्यामुळे एकाच नंबरवरून थोड्या वेळात दुसरा कॉल आला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची, अँड्रॉइडवर १५ मिनिटांची आहे. रिंग मोठी ठेवली आणि रूममेटच्या फोनवरून एकदा खरंच वाजवून पाहिली. ही चाचणी वगळू नये. ती झाल्यावरच त्या शांत झोपल्या.

आवाजाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आणि अधूनमधून होणारा एकेक आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. चौकावरच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून हे गाठणं अशक्य. घर बदलणं त्या वेळी जमणारं नव्हतं, म्हणून उशी खिडकीच्या भिंतीकडून आतल्या भिंतीकडे नेली, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावली आणि पंखा सलग एकाच वेगावर ठेवला. झोप मोडते ती बऱ्याचदा शांततेतून अचानक उठणाऱ्या हॉर्ननं. मागे एकसारखा आवाज असला की तो फरक बोथट होतो. इअरप्लग पहिल्या दोन रात्री निरुपयोगी वाटले, कारण ते नुसते कानावर दाबले होते. फोमचा इअरप्लग दोन बोटांत फिरवत बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटानं धरून ठेवायचा. बाहेर अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर तो बसलेला नाही.

दिवसाच्या नोटिफिकेशनची छाटणीही याच टप्प्यात केली. त्यांचा पहिला विचार सगळं बंद करण्याचा होता. तसं न करण्याला आधार आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवसातून तीनदा एकगठ्ठा नोटिफिकेशन मिळणाऱ्यांना बरं वाटलं, तर ज्यांची पूर्ण बंद केली त्यांची चिंता उलट वाढली. म्हणून तीन गट केले. माणसांचे कॉल आणि ऑफिसचा एकच ग्रुप लगेच वाजणार. बाकी माणसांचे मेसेज आवाजाविना, पाहायचे ते दिवसातून तीनदा. आणि ज्या ॲपमागे कुणी ओळखीचं माणूस नाही त्यांची नोटिफिकेशन कायमची बंद. तिसऱ्या गटातच गर्दीचा मोठा वाटा निघाला.

व्यायाम: चुकलेली पहिली जागा

दुसऱ्या सवयीसाठी त्यांना सुचलेला सांधा होता ट्रेनचा. एक स्टेशन आधी उतरून चालत यायचं. कल्पना चांगली दिसते, पण पंधरवड्यात ती कोसळली. ज्या दिवशी ट्रेन उशिरा, त्या दिवशी माणूस थकलेला आणि घाईत असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी सवय जास्तीचं चालायला सांगते. शहरातल्या कोणत्याही सवयीला हा प्रश्न विचारून पाहावा: सगळ्यांत वाईट दिवशी ती सोपी होते की अवघड? अवघड होत असेल तर जागा बदलावी. मनाची समजूत घालत बसू नये.

नवी जागा ठरली किल्लीची. ‘किल्ली वाटीत टाकली की बॅग आतल्या खुंटीला, कपडे बदलायचे, चटई अंथरायची.’ वाटी दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर, खुंटी झोपायच्या खोलीत, घरचे कपडे खुंटीशेजारी. सकाळी निघतानाच ते तिथे टांगायचे. कपाटात शोधावे लागले की पाय सोफ्याकडे वळतात. फोन बॅगेतच राहतो. सोफ्यावर बॅग ठेवायची जागाच उरू नये म्हणून त्या हातावर रूममेटच्या संमतीनं एक टोपली ठेवली. ही क्षुल्लक वाटणारी टोपलीच या सवयीत सर्वांत जास्त उपयोगी पडली, कारण जुन्या पाच टप्प्यांची साखळी दुसऱ्याच टप्प्यावर तुटली.

चटईवर १२ मिनिटं. खुर्चीवर टेकून उठणं १० वेळा, भिंतीला हात टेकून पुश-अप ८, पाठीवर झोपून कंबर उचलणं १२, कोपरांवर प्लँक २० सेकंद. अशा तीन फेऱ्या, मधे एकेक मिनिट विश्रांती. उड्या नाहीत, कारण खालच्या मजल्यावर माणसं राहतात आणि एका तक्रारीत सवय संपते. तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या की प्रत्येक प्रकारात दोनदोन वाढवायचे, त्याआधी नाही.

हे पुरेसं आहे का? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची, शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. चटईवरचे चार-पाच दिवस दुसरी अट भागवतात. पहिली अट प्रवासातल्या चालण्यातून भागू शकते. घर-स्टेशन आणि स्टेशन-ऑफिस मिळून त्या दिवसाला ३२ मिनिटं चालत होत्याच, म्हणजे पाच दिवसांचे १६०. पण ते भरभर असायला हवं: बोलता येतं, गाता येत नाही इतपत. गर्दीच्या फलाटावरून सरकणं यात धरू नये. मोकळ्या फुटपाथचा थोडा लांबचा रस्ता निवडल्यावर वेग आला, आणि विशेष म्हणजे वेळ फारशी वाढली नाही.

अभ्यास कुठे करायचा

इथे सर्वांत जास्त विचार लागला. घरी टीव्ही, ट्रेनमध्ये गर्दी, ऑफिसात काम. तिन्ही जागा त्यांनी आधीच बाद ठरवल्या होत्या, म्हणून अभ्यासच राहून जात होता.

ट्रेनमध्ये पुस्तक उघडून वाचण्याचा बेत बाद करणं बरोबर होतं. पाचपैकी चार दिवस उभं राहावं लागतं आणि एक हात कडीला असतो. पण एका हातानं जमणारं दुसरं काम असतं: आठवून पाहणं. खिशात पाच कार्डं, पुढे प्रश्न, मागे उत्तर. हात स्थिर झाला की एक कार्ड काढायचं, उत्तर मनात पूर्ण म्हणायचं, मगच उलटायचं. चुकलेलं कार्ड वेगळ्या खिशात, दुसऱ्या दिवशी परत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की तोच मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. उभ्यानं केलेली दहा मिनिटं त्यामुळे कमी दर्जाची ठरत नाहीत. पाचच कार्डं, कारण पंचवीस घेतली की ती चाळली जातात, आठवली जात नाहीत.

बसून करायचा अभ्यास ऑफिसात हलवला. ‘कॉम्प्युटर बंद केला की बॅग उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या बैठकीच्या खोलीत, २५ मिनिटं.’ याला आधी त्यांचा ठाम नकार होता: ‘आधीच उशीर होतो, त्यात आणखी थांबायचं?’ पण नोंदीची कार्डं सांगत होती की २५–३० मिनिटं उशिरा निघालेल्या दिवशी ट्रेन कमी भरलेली आणि प्रवास सरासरी १५ मिनिटांनी लहान होता. प्रत्येक शहरात, प्रत्येक मार्गावर असं होईलच असं नाही; आपली कार्डं पाहूनच ठरवावं.

जागेवरच थांबून करण्याचा प्रयत्न पहिल्या आठवड्यात फसला. टेबलापाशी बसलेलं माणूस सगळ्यांना कामावर असल्यासारखंच दिसतं. ‘अजून आहात ना, एवढं बघता का’ असं दोनदा झालं आणि दोन्ही दिवस बुडाले. बॅग खांद्याला लावून मजला बदलणं हे म्हणून कृतीतच लिहिलं. दुसरी अडचण डोक्यातली: पुस्तक समोर, मन न जुळलेल्या हिशेबात. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांनी मांडलं. त्यावर उपाय एका ओळीचा. कॉम्प्युटर बंद करण्याआधी कागदावर लिहायचं की काम कुठे थांबलं आणि उद्या पहिली कृती कोणती. तसंच अभ्यास संपवताना उद्याचा पहिला प्रश्न वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही, अर्धं सुरू झालेलं काम येतं.

मोडलेले दिवस

अशा शहरात मोडलेला दिवस अपवाद नसतो. पाण्यानं बंद पडलेल्या गाड्या, पाहुणे, महिनाअखेर, ताप. त्यामुळे मोडलेल्या दिवसाची आवृत्ती आधीच लिहिलेली हवी. फोनसाठी ती नाहीच, फळी तीच. व्यायामासाठी: चटई अंथरून खुर्चीवर पाच वेळा बसणं-उठणं. अभ्यासासाठी: एक कार्ड. यातून तब्येत किंवा परीक्षेला थेट फार मिळत नाही, हे मान्य. टिकतो तो किल्ली आणि चटई यांच्यातला दुवा.

भरपाई मात्र नाही. आज चुकलं म्हणून उद्या दुप्पट, हा नियम त्यांनी स्वतःहून लावला होता आणि तो काढायला लावला. दुप्पट व्यायामाचा दिवस आधीपासूनच नकोसा वाटतो, तो टळतो, मग तिप्पट साठतं. फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात एखादी संधी चुकल्यानं सवय बसण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्याच अभ्यासातून कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा ६६ हा मध्यांक आला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त. लोक तो पक्का मुक्काम समजतात, ते बरोबर नाही. माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि अभ्यास ८४ दिवसांचाच असल्यानं वरचं टोक आलेख पुढे ताणून काढलेला अंदाज आहे. सोपी कृती लवकर बसते, व्यायाम उशिरा. ६७ व्या दिवशीही चटई आठवून अंथरावी लागत असेल तर काही बिघडलेलं नसतं.

लांब सुट्टी वेगळी. कॅथरिन मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात आवडती ऑडिओ पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळणाऱ्यांची हजेरी सुरुवातीला ५१ टक्के जास्त होती, पण सुट्ट्यांनंतर तो फायदा विरला. म्हणून सुट्टीवरून परतण्याच्या दिवसासाठी वेगळं वाक्य लिहिलं: ‘प्रवासाची बॅग उघडण्याआधी किल्ली वाटीत, चार्जर फळीवर.’

बारा आठवड्यांनी

खुणांचा तक्ता काढून टाकला होता. त्याऐवजी दर रविवारी प्रत्येक सवयीला चार विधानं लावायची: हे मी आपोआप करते, मुद्दाम आठवावं लागत नाही, विचार न करता होतं, सुरू केल्याचं नंतर लक्षात येतं. प्रत्येकाला १ ते ७ गुण. अशी चार विधानांची मोजपट्टी बेंजामिन गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासली आहे. किती दिवस केलं, यापेक्षा किती कमी कष्टानं होतं हे तिच्यातून कळतं.

फोनची सवय सहाच्या वर गेली. डोळा लागण्याची वेळ १२.४० वरून साधारण ११.३५ वर आली. काही रात्री चौकानं झोप मोडलीच. इअरप्लग आणि रबरी पट्टीला मर्यादा आहेत. व्यायाम आठवड्याला चार दिवस, गुण साडेचार, आणि तेही सहा आठवड्यांनी, हे चांगलं. अभ्यास पाचपैकी तीन दिवस आणि गुण तीनच्या आसपास. महिनाअखेरच्या आठवड्यात तर तो फक्त कार्डांवर तगला. परीक्षेच्या दृष्टीनं हे अपुरं होतं. म्हणून सवयीवर भार न वाढवता शनिवारी सकाळी दोन तासांची वेगळी बैठक ठरवली, तीही घराबाहेर, वाचनालयात. पहाटे ५.३० चा बेत सोडून दिला. रोज साडेसहाच्या सुमारास जाग येत होती आणि दिवसाला तेवढं पुरत होतं.

पाचव्या महिन्यात घरमालकानं घर सोडायला सांगितलं. चौकापासून सुटका झाली, पण वाटी, खुंटी, फळी या सगळ्या खुणाही गेल्या. घर बदलताना जुन्या सवयी सैल होतात, चांगल्याही आणि वाईटही. बास फरप्लांकेन आणि डेबोरा रॉय यांच्या २०१६ च्या अभ्यासात स्थलांतरानंतर सुमारे तीन महिने नव्या वागणुकीला जास्त वाव दिसला. त्या काळात जे पहिल्यांदा बसेल ते टिकेल, हे धरून सामान येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या रिकाम्या घरात एक हातोडी, एक खिळा, वाटी आणि चार्जर घेऊन गेल्या. दाराच्या आत कमरेच्या उंचीवर वाटी, झोपायच्या खोलीत खुंटी, खिडकीपासून सर्वांत लांबच्या भिंतीशी अंथरुणाची जागा खडूनं आखली, आणि बाहेरच्या खोलीतल्या प्लगला चार्जर लावला. सोफा कुठे ठेवायचा हे शेवटी ठरवलं: दारातून सरळ दिसणार नाही अशा भिंतीला.